चिमणीतला कावळा

“घरात कुणाचं डोकं दुखतं का?” गॅसवाल्याने गुडघे टेकल्या टेकल्या, मागे न बघता विचारलं. मी त्याच्या चहात साखर ढवळत होतो. “नाही,” म्हटलं. खोटं बोललो नाही. ऑक्टोबरातल्या त्या मंगळवारी घरात बायको आणि मी अशी दोनच डोकी होती आणि दोन्ही ठणठणीत होती. त्याने नुसतंच “हं” केलं आणि फटीत पुन्हा टॉर्च मारला. साखर केव्हाच विरघळली होती, मी मात्र ढवळतच राहिलो.

मागच्या हिवाळ्यात आई इथे होती.

इंग्लंडात लेस्टरमधलं आमचं घर रांगेतलं, शंभरी ओलांडलेलं. पुढच्या खोलीत भिंतीचा मधला भाग फुगून पुढे आलाय, त्यात पूर्वी कोळसा जाळायचा कोनाडा होता आणि त्या कोनाड्याच्या तोंडावर आधीच्या मालकाने कधीतरी बसवलेली गॅस फायर. तपकिरी पत्र्याची पेटी, पुढे भाजक्या मातीच्या चार पांढऱ्या जाळ्या, बाजूला काळं बटण. बटण दाबून फिरवायचं, ‘टक’ व्हायचं, आधी एक बारकी ज्योत लागायची. वीसेक सेकंद बटण तसंच दाबून धरायचं, मग सोडायचं आणि पुढे फिरवायचं. ‘भप्प’ करून सगळी रांग पेटायची आणि पाच मिनिटांत त्या जाळ्या खालून वर लाल होत जायच्या, तव्यावरची भाकरी उलटताना कडेला दिसते तशा रंगाच्या. सेंट्रल हीटिंग असल्याने तिची गरज अशी नव्हतीच. घर घेतलं तेव्हा बायको म्हणाली होती, काढून टाकू, टीव्हीला जागा होईल. मी म्हटलं, राहू दे. रेडिएटरने खोली गरम होते, पण रेडिएटरसमोर पाय सोडून कुणी बसत नाही.

आईने आल्या आल्या तिची ‘शेगडी’ केली. “ती तुमची शेगडी लाव बरं जरा.” नोव्हेंबरच्या शेवटी ती उतरली आणि फेब्रुवारीच्या शेवटी परत गेली. मधले तीन महिने तिचा मुक्काम त्या चार जाळ्यांसमोरच. कानटोपी, शाल, माझे जुने लोकरी मोजे. मेथी निवडायची तिथे, जपमाळ ओढायची तिथे, नहायल्यावर केस मोकळे सोडून पाठ शेकायची तिथे. इथल्या थंडीत दही लागत नाही ही आमची दहा वर्षांची रड तिने दोन दिवसांत संपवली. विरजणाचं पातेलं टॉवेलात गुंडाळून शेगडीपासून हातभर अंतरावर ठेवायचं, बस्स. सकाळी कवडी दही. इडलीचं पीठसुद्धा तिथेच फुगायचं. संध्याकाळी कामावरून आलो की पुढच्या खोलीत आंबूस, उबदार, किंचित जळक्या धुळीचा वास असायचा. मला तो वास सांगलीचा वाटायचा. कशामुळे ते सांगता येणार नाही, कारण सांगलीत आमच्याकडे असली काही वस्तू नव्हती.

डिसेंबरात कधीतरी तिचं डोकं दुखायला लागलं. दुखतं असंही म्हणायची नाही, “जड झालंय” म्हणायची. आम्ही आधी थंडीला दोष दिला, मग चष्म्याच्या नंबरला, मग तिने सोबत आणलेल्या बीपीच्या गोळ्यांना. बाम लावून झाला, सुंठ उगाळून झाली. दुपारी कधी तिला मळमळायचं, तेव्हा इथल्या दुधावर खापर फुटलं. मी शनिवार-रविवारी तिला अ‍ॅबी पार्कात फिरवून आणायचो. नदीकाठी तासभर चाललो की म्हणायची, “आता कसं हलकं वाटलं.” मी ऐटीत सांगायचो, “बघ, दिवसभर बसून बसून होतं ते.” आणखी एक. तिला खिडकीची फट लागायची. पहाटे उठली की पुढच्या खोलीची वरची खिडकी बोटभर उघडायची आणि मी कामाला निघताना ती बंद करायचो. “आई, इकडे गॅस घालायचा आणि तिकडे सोडून द्यायचा? बिलं बघितलीस का?” रोज उघडायची, रोज बंद करायचो. शेवटी तिने नाद सोडला.

आणि शेगडी विझायची. हीच तर तक्रार होती, ज्यासाठी त्या मंगळवारी गॅसवाल्याला बोलावलं होतं. दीड-दोन तास छान चालायची आणि मग आपोआप ‘टप्प’. आई हाक मारायची, “अरे, गेली बघ पुन्हा!” घरून काम असेल त्या दिवशी मी वरच्या खोलीतून मीटिंग अर्धवट टाकून खाली यायचो, गुडघे टेकायचो, दाबायचो, धरायचो, पेटवायचो. एका दुपारी तीन वेळा. “जुनाट डबडं,” असं मी तिला मराठीत आणि इंग्रजीत म्हणालो आहे.

गॅसवाला साठीच्या पुढचा होता. गुडघ्यांना पॅड, गळ्यात गॅस सेफचं, म्हणजे गॅस कारागिरांच्या अधिकृत नोंदणीचं, ओळखपत्र. (शेजारच्या आजी या लोकांना अजून ‘कॉर्गी’ म्हणतात. घर घेतलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, गॅसला हात लावायचा तर कॉर्गीच बोलाव. मी कितीतरी दिवस राणीच्या कॉर्गी कुत्र्यांचा आणि गॅसचा संबंध शोधत होतो. २००९ च्या आधीच्या नोंदणीचं ते नाव.) त्याने पेटीचा पत्रा उतरवला, आणि सगळ्यात आधी जाळ्यांच्या वरच्या बाजूला बोट फिरवून मला दाखवलं. बोटाला काजळी. चारातली एक जाळी उभी तडकलेली. मग फायर पेटवली, थोडा वेळ तापू दिली आणि धूर सोडणारी एक काडी पेटवून पेटीच्या वरच्या कडेशी धरली. तो धूर आत ओढला जायला हवा. जाळाची गरम हवा चिमणीतून वर चढते तशी खोलीतली हवा तिच्यामागोमाग जाते, सगळा खेळ त्या ओढीवर. धूर कडेशी घुटमळला, आणि सावकाश, अगदी आळसावल्यासारखा, खोलीत आला. माझ्या दिशेने.

त्याने फायर विझवली, पेटी ओढून बाजूला काढली, मागचा पत्रा सोडवला. कोनाड्याच्या तळाशी वीतभर ढीग होता: काजळी, चुन्याचे पोपडे, आणि काड्या. पुष्कळ काड्या. मग त्याने खात्रीसाठी धुराची मोठी गोळी पेटवून चिमणीच्या तोंडाशी ठेवली आणि मला रस्त्यावर जाऊन वर बघायला सांगितलं. मी पलीकडच्या फुटपाथवर मान वर करून उभा राहिलो. आमच्या धुराड्यातून काहीही निघालं नाही. खिडकीतून पाहिलं तर खोली पांढरी झाली होती आणि तो सगळ्या खिडक्या उघडत होता. आईची खिडकीही.

तासाभराने गॅसची नळी बुच मारून बंद झाली होती, पेटीला ‘तत्काळ धोकादायक’ असं लेबल लटकलं होतं आणि मी कागदावर सही केली होती. चहा प्यायला तो त्यानंतर बसला, गार झालेला. मी विचारलं, ती सारखी विझायची ती का मग? त्याने पेटीतून ती बारकी ज्योत लागते तो भाग काढून तळहातावर ठेवला. करंगळीच्या पेराएवढी पितळी नळी, तिच्यासमोर टाचणीसारखं एक टोक. ज्योत त्या टोकाला चाटत असेल तोवर ते तापून कणभर वीज तयार करतं आणि तेवढ्या विजेवर गॅसची झडप उघडी राहते. आता ही नळी हवा घेते खोलीतली. चिमणी तुंबली, जळका वायू खोलीत परतायला लागला, ऑक्सिजन कमी झाला की ज्योत टोकापासून उचलली जाते. टोक गार, झडप बंद. “म्हणजे ती बिघडली नव्हती,” मी म्हटलं. तो म्हणाला, धुळीने भोक तुंबलं तरी असंच होतं, तेव्हा छातीठोक सांगता येणार नाही. पण चिमणीची ही दशा बघता, ती तिचं काम करत असावी.

म्हणजे ती विझत होती आणि मी पेटवत होतो.

धुराचं आणि आमच्या घराण्याचं नातं जुनं. सांगलीच्या घरी न्हाणीत तांब्याचा बंब होता, ढेरीवर तोटी, पोटातून नळकांडं. आजी पहाटे त्यात उसाची चिपाडं, करवंट्या, भिजके-सुके जे असेल ते सारायची. पेट घेईपर्यंत न्हाणीत माणूस दिसायचा नाही. ठसका लागून डोळे पुसत बाहेर यायची आणि अंगणात उभी राहून पदराने वारा घ्यायची. पुढे स्टोव्ह आला, पिन मारली की फर्र करणारा. रॉकेलचा तो वास कपड्यांतून जायचा नाही. मग मी चौथीत असताना गॅस आला. आईने सिलिंडरला हळदकुंकू वाहिलं, पहिलं दूध उतू जाऊ दिलं आणि त्या रात्रीपासून आजतागायत तिचा एक प्रश्न सुरू झाला: “गॅस बंद केलास का?” बटण बंद केल्यावर विचारायची, रेग्युलेटर बंद केल्यावर विचारायची, अंथरुणात पडल्यावर विचारायची आणि मग स्वतः उठून जायची. अंधारात ओट्यापाशी उभी राहून नाकाने दोनदा हुंगायची. वास नाही ना, मग झालं.

नाकावरचा हा तिचा विश्वास. तो वास गॅसचा नसतोच, गळती कळावी म्हणून मुद्दाम घातलेला असतो, सिलिंडरमधल्या गॅसला काय आणि इथल्या नळातून येणाऱ्या गॅसला काय. जळायला हवा पुरी मिळाली तर सगळं ठीक. हवा कमी पडली की जो कार्बन मोनॉक्साइड होतो त्याला कुणी वास घातलेला नाही. रंग नाही, ठसका नाही, डोळ्यांत पाणी नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा त्याला २०० पटींहून जास्त घट्ट धरतं, आणि माणसाला फक्त जरा जड वाटतं. आजीच्या न्हाणीत धूर तिला हाताला धरून अंगणात आणून सोडायचा. माझ्या पुढच्या खोलीत तसं कुणी नव्हतं. मोनॉक्साइडचा अलार्म होता आमच्याकडे, नाही असं नाही. तो स्वयंपाकघरात, बॉयलरशेजारी. बॉयलर म्हणजे गॅसची वस्तू, आणि ही तर शेगडी.

गंमत म्हणजे, याची धास्ती घरात कुणाला असेल तर ती आईलाच. पुण्या-मुंबईकडे थंडी पडली की बाथरूममधल्या गॅस गिझरची एखादी तरी बातमी येते. दार-खिडकी बंद, आत अंघोळीला गेलेलं माणूस बेशुद्ध. आई ती मोठ्याने वाचून दाखवते आणि कापून ठेवते. भावाने पुण्यात फ्लॅट घेतला तेव्हा गिझर बाथरूममधून काढून बाल्कनीत लावेपर्यंत ती तिथे राहायला गेली नाही. तीच बाई माझ्याकडे तीन महिने त्या पेटीसमोर निश्चिंत बसली. का, तर वस्तू विलायतेतली. आणि घर माझं.

शेजारच्या आजींना हा सगळा प्रकार कळायला वेळ लागला नाही. गॅसवाल्याची गाडी त्यांच्या दारासमोर उभी होती. त्या या गल्लीतच वाढल्या. कोळशाच्या काळात त्यांच्या वडिलांकडे वर्षाला चिमणी झाडायला माणूस यायचा. १९५२ च्या डिसेंबरात लंडनवर कोळशाच्या धुराचं ते काळं धुकं बसलं, १९५६ ला धुराविरुद्ध कायदा आला, आणि हळूहळू गावोगावी कोळसा गेला, कोनाड्याकोनाड्यांत अशा पेट्या आल्या. पेटीला काजळी नाही, राख नाही, म्हणून चिमणी झाडणाऱ्याला कुणी बोलवेना. आधी नळातून यायचा तो कोळशापासून केलेला गॅस, त्यात मोनॉक्साइड मुळातच असायचा. तेव्हा बायाबापड्या भीत असत, आजी म्हणाल्या. मग समुद्रातला गॅस आला. १९६७ ते १९७७, दहा वर्षं माणसं गल्लीगल्लीतून हिंडून देशातली एकेक शेगडी नव्या गॅससाठी बदलत होती. त्यांच्या आईची फायर बदलायला दोन पोरगेले कारागीर आले होते, त्यातला एक दिसायला बरा होता. नव्या गॅसमध्ये विष नाही असं तेव्हा सगळ्यांना सांगितलं गेलं. ते खरंही होतं. “पण चिमणी तीच होती ना,” त्या म्हणाल्या, आणि बिस्किटांचा डबा पुढे केला.

चिमणी झाडणारा पुढच्या आठवड्यात आला. मी त्याला काळ्या टोपीचा वगैरे कल्पिला होता, तो फ्लीसचं जाकीट घालून व्हॅक्यूम घेऊन आला. कोनाड्यावर चादर ताणून त्याने खालून काठीला काठी जोडत ब्रश वर सारला. आधी सुळकन गेला, मग अडकला. मग वरून सरसर, धप्प, पुन्हा सरसर. चादर फुगत होती, पोटुशी बाई श्वास घेते तशी. दोन पोती भरून काड्या निघाल्या. अंगठ्याएवढ्या जाड, करंगळीएवढ्या बारीक, मधेच मेंढीच्या लोकरीचा पुंजका, चॉकलेटचा चंदेरी कागद, निळ्या दोरीचा तुकडा. घरटं जॅकडॉचं, त्याने सांगितलं. आपल्या कावळ्याचा इकडचा धाकटा भाऊ, मान राखाडी, डोळे पांढुरके. हा पक्षी उभ्या चिमणीत वरून काड्या टाकत राहतो. शंभर खाली जातात, एक आडवी अडकते. तिच्यावर दुसरी. मग घर होतं. आता पिल्लांचे दिवस नाहीत म्हणून काढता आलं. वसंतात असतं तर कायद्याने हात लावता आला नसता.

मला हसू आलं, आणि ते त्याला समजावून सांगता येईना. लहानपणी पावसात भिजलेला काऊ चिऊताईचं दार ठोठावत राहायचा आणि ती काही लवकर उघडायची नाही. इथे तो सरळ वरून शिरला होता. चिमणीत. रॉकेलचा मिणमिणता दिवाही चिमणी, ती पाखरूही चिमणी आणि ही विटांची पोकळीही चिमणी. मराठीत हा विनोद आपोआप झाला असता.

मी त्याला एकच विचारलं, हे घरटं किती जुनं? म्हणजे यंदाच्या वसंतातलं की आधीचं? यंदाचं असेल तर आई परत गेल्यानंतरचं. त्याने पोत्यात हात घालून मूठभर काड्या चादरीवर पसरल्या. काही तपकिरी, कोरड्या, सालीसकट. काही काळ्या कुळकुळीत, तव्याच्या बुडासारख्या. वरच्या नव्या, खालच्या जुन्या, तो म्हणाला, हे पक्षी तीच जागा पुन्हा धरतात. किती जुन्या ते काड्या सांगत नाहीत. मी एक काळी काडी उचलली तर बोटं माखली. ती अजून आहे, खिडकीत. बायको दोनदा टाकायला निघाली होती.

पुढे काय करायचं यावर महिनाभर खल झाला. त्या मॉडेलच्या जाळ्या आता निघत नाहीत, जुन्या सामानात कुठे मिळाल्या तरी बसवायची गॅसवाल्याची तयारी नव्हती. नवी गॅस फायर घ्यायची तर चिमणीत आतून नळी घालावी लागेल. नाहीतर विजेची घ्या, आत दिवे लागून खोटा जाळ दिसतो. दुकानात तीही बघून आलो. जाळाचा रंग बटणाने बदलता येतो, जांभळासुद्धा. सेल्समन तो मोठ्या कौतुकाने दाखवत होता. मी दोन्ही तळवे पुढे धरले, सवयीने, आणि खाली पायांवर गरम वाऱ्याचा झोत आला, केस वाळवायच्या यंत्रासारखा. शेवटी काहीच घेतलं नाही. कोनाड्यावर लाकडी फळी मारली, तिच्यात हवा खेळायला जाळीची चौकट, धुराड्याच्या टोकावर पाखरांसाठी टोपी. फळीसमोर टीव्ही आला. बायको जिंकली आणि दोघांनाही त्याचा आनंद झाला नाही.

आईला सांगायचं की नाही, हे मात्र लांबत राहिलं. सांगून काय होणार? ती आता सांगलीत आहे, धडधाकट आहे, सकाळी देवळापर्यंत चालत जाते. शिवाय मला नेमकं काय माहीत आहे? काड्या काळ्या होत्या एवढंच. पण दर रविवारी फोनवर ती विचारायची, “शेगडी लावता का रे? थंडी पडली असेल,” आणि मी म्हणायचो, “नाही अजून.” हे ‘अजून’ तीन-चार रविवार चाललं. मग एकदा व्हिडिओ कॉल होता. माझ्या मागे फळी दिसली असावी.

“शेगडी कुठंय?”

सगळं सांगितलं. काडीचा धूर, दोन पोती, विझण्याचं कारण. खिडकीचंही सांगितलं. फोन तिने नेहमीप्रमाणे जवळ धरला होता, मला फक्त कपाळ आणि कुंकू दिसत होतं. थोडा वेळ ते कपाळ हललं नाही. मग म्हणाली, “कावळ्याचं घरटं मोडलंत?”

“रिकामं होतं ग.”

“मग ठीक.” आणि जरा थांबून, “माझ्या डोक्याचं मनाला लावून घेऊ नकोस. डोकं माझं इथंही दुखतं.”

“रोज?”

“रोज नाही रे.”

तिच्या मागे कुकरची शिट्टी झाली. ती उठली, फोन ओट्यावर कशाला तरी टेकवून ठेवला, आता मला छत आणि पंख्याचं एक पातं. गॅसचं बटण बंद केल्याचा आवाज आला. मग तिथूनच, जरा मोठ्याने:

“आता विरजण कुठं ठेवतोस?”

“वर, गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात.”

“लागतं?”

“लागतं. पण आंबट होतं.”